बाबांच्या ताटाजवळची नोट

आई, तुझा मोर मी उसवला. माझ्या रुखवतासाठी तू व्यापाराच्या डावातल्या नोटांचा केलास ना, तोच. इतकी वर्षं शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर काचेच्या पेटीत उभा होता. आता त्याचं धड आणि मान तेवढी उरली आहे, पिसारा बाबांच्या खिशात आहे. तू असतीस तर आधी पाठीत धपाटा घातला असतास आणि मग विचारलं असतंस, काहून उसवला वं? तेच सांगायला बसले आहे. बाबा आत झोपलेत, कूलर घरघर करतोय, अकोल्याचं ऊन तुला माहीत आहेच, आणि शेजारणीच्या साड्या फॉल लावायच्या म्हणून पडून आहेत. लिहायला बसलं की माझा हात शाळेतल्यासारखा वळतो, आपली बोली कागदावर उतरत नाही, तेव्हा हसू नकोस. तुला जाऊन पंचवीसेक वर्षं होत आली. तुझे जावईही मध्यंतरी गेले, ते तुला तिकडे भेटले असतीलच. लेक हैदराबादला नोकरीला लागला. म्हणजे घरात मी आणि बाबा. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. आज आलं, कारण हे सांगायला दुसरं कोणी नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी सांगितलं नाही.

तो डाव बाबांनी राजकमल चौकातून आणला होता, दिवाळीला. दादा फटाक्यांसाठी रडत होता आणि बाबांनी फटाक्यांऐवजी हा खोका पुढे केला. पुठ्ठ्यावर देशातली सगळी शहरं, दोन फासे, लाल हिरवी घरं आणि गड्डीच्या गड्डी नोटा. गुलाबी, पोपटी, निळ्या, जांभळ्या. बाबा आपल्या अमरावतीच्या भाजीबाजारातून दमून आले होते, खाटेवर आडवे होऊन आमचा डाव बघत होते. दादानं दिल्ली घेतली, मी कलकत्ता. "पाह्य वं," ते तुला म्हणाले, "आपली वाडी हाय एवढीशी, अन् पोट्टे दिल्ली घेऊन राह्यले!" तू चुलीपुढून म्हणालीस, "घेऊ द्या. दिल्लीत भाजी लावू मंग." फासे कुठं गेले देव जाणे, दादा म्हणायचा उंदरानं नेले. होळीपर्यंत पुठ्ठाही फाटला. नोटा मात्र जाड कागदाच्या होत्या, त्या तू उचलून मिठाच्या बरणीमागे ठेवल्यास. आम्हाला वाटलं, गेल्या चुलीत.

चुलीत नाही गेल्या. एका रविवारी तुरीच्या शेंगांचा ढीग पडला होता आणि आम्ही दोघं अंग चोरत होतो. तू एक पोपटी नोट काढून मधोमध ठेवलीस. "जो जास्त सोलन त्याची." "हिचं काय करू?" दादानं विचारलं. तू म्हणालीस, "हे दिली का उद्याची भाजी तुया मनची." बाई गं, काय उजेड पडला होता आमच्या तोंडावर! बाहेरच्यांना हे कळायचं नाही. भाजीवाल्याच्या घरी भाजी काय होते, तर जी बाजारात खपली नाही ती. माना टाकलेला पालक, निब्बर दोडके, आणि भोपळा तर असा पाठीस लागलेला की स्वप्नात यायचा. टोपलीतली कवळी वांगी, हिरवीगार भेंडी, ते सगळं लोकांसाठी. आणि आता एक नोट दिली की पहाटे बाजारात जाणाऱ्या टोपलीत हात घालून हवं ते काढायचं, आणि बाबांनी चकार शब्द बोलायचा नाही! दादानं पहिल्याच नोटेत फुलकोबीचा सगळ्यात मोठा गड्डा काढला. बाबांचा चेहरा पडला होता, मला अजून दिसतो, पण त्यांनी नोट घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "झाली बोहनी."

मग तुझं डोकं जे चालायला लागलं ते थांबेच ना. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या मुली गाणी म्हणून झाल्या की खाऊ ओळखायच्या, तर तू सगळ्यांना एक एक नोट वाटायचीस आणि डबा हलवून बघायचा असेल तर नोट भर म्हणायचीस. मुली डब्याला कान लावून लिलाव करायच्या, बाबांच्या बाजारात होतो तसा. घरात कोणी आवाज चढवला तर त्यानं नोट द्यायची, हाही तुझाच कायदा. एकदा बाबा बाजारातून तणतणत आले, कोणा व्यापाऱ्यानं वजनात मारलं होतं, आणि आल्या आल्या पायात आलेल्या तांब्याला लाथ मारली. तू हात पुढे केलास. "काढा नोट." आम्ही दोघं दाराआड श्वास धरून. बाबा तुझ्या हाताकडं बघत राहिले. दिवसभर लोकांच्या नोटा मोजून आलेला माणूस, त्यानं बंडीचे दोन्ही खिसे चाचपले, खऱ्या नोटा बाजूला केल्या आणि म्हणाले, "जांभयी नोट तं नाई माह्याजवळ. उधार ठेवतं का?" आणि तूच आधी हसलीस. तेव्हापासून ते एक खोटी नोट कायम खिशात बाळगायचे. रागाची नोट म्हणायचे तिला. बाजारात कोणाशी भांडण व्हायला लागलं की खिशावर हात ठेवायचे म्हणे.

आणि ताप विकत घेणं. ते तर मी कोणालाच कधी सांगितलं नाही. मला हिवताप झाला होता, अंगावर वाकळा घालूनही दात वाजत होते, आणि तू उशाशी बसून विचारत होतीस, "कितीले देतं ताप?" मी म्हणाले, "शंभर." "शंभर? सडका हाय तुया ताप, शंभर कायले? पन्नास घे." मी भाव उतरवत नव्हते, लेक कोणाची. तू उठून गेल्यासारखं करायचीस, परत यायचीस, साठ म्हणायचीस, सत्तर म्हणायचीस. शेवटी ऐंशीला सौदा पटला, तू नोटा माझ्या मुठीत कोंबल्यास, आणि तेवढ्यात माझा डोळा लागला. परवा बाबांना ताप होता तेव्हा मी करून पाहिलं. "बाबा, ताप कितीला देता?" ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ताप कोन इकते येड्यावानी?" त्यांचंही बरोबर आहे.

लग्नातला मोर तर सगळ्या वऱ्हाडानं पाहिला. आपल्याकडं रुखवतात मांडायला चांदीचं काही नव्हतं. इतर मुलींच्या रुखवतात वेफर्सचे बंगले, साखरेचे हत्ती, आणि तू माझ्यासाठी घडी घालून घालून नोटांची पिसं केलीस, सुईदोऱ्यानं टाचलीस, आणि वर निळा-पोपटी पिसारा उभा केलास. खळ लावली नाहीस. का म्हणून विचारलं तर म्हणालीस, "नोटा हायेत, उद्या कामी पडतीन." माझ्या चुलतसासूला लांबून त्या खऱ्याच वाटल्या. ती जवळ येऊन बोटानं चाचपायला लागली, आणि तू मांडवात सगळ्यांदेखत म्हणालीस, "इहीनबाई, हात नोका लावू, मोर चावते." काय हसले होते लोक! सासूबाई मात्र मला हे ऐकवायला पुढं कित्येक वर्षं विसरल्या नाहीत.

आणि मग ती गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे. लग्नानंतर बाबा पहिल्यांदा अकोल्याला आले, पहाटेच्या एस्टीनं, पिशवीभर भाजी घेऊन. मी जीव ओतून स्वयंपाक केला. ते पोटभर जेवले, हात धुतला, आणि खिशातून खरी नोट काढून ताटाच्या कडेखाली सारली. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही. रीत मला माहीत होती, आजोबाही आत्याकडं असंच करायचे, पण आपल्या ताटाजवळ ती नोट पाहिली आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी काय खानावळ घातली आहे का? मी नोट त्यांच्या खिशात कोंबली, त्यांनी परत ठेवली, मी परत कोंबली. शेवटी ते रिकामी पिशवी उचलून निघून गेले आणि पुढं दिवाळीपर्यंत फिरकले नाहीत. दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा तुझ्यापुढं रडून घेतलं. वाटलं, तू माझी बाजू घेशील. तू शेंगोळे वळत होतीस, हात थांबवला नाहीस. "येडी हाय का तू? नोट ठेवली का मंग त्याले तुया घरी घडीघडी येता येते. मान खाली घालून बसा लागत नाई. तू नोट वापस करतं म्हंजे त्याले वापस करतं. तुले बाप पायजे का नाक पायजे?" असं तू मला कधी बोलली नव्हतीस. पण पैसे घेणार नाही म्हणजे नाही, हेही मी तेव्हाच सांगितलं. तुझ्याच पोटची ना मी.

पुढच्या खेपेला बाबा आले, जेवले, हात धुतला, आणि खिशातून काढली ती गुलाबी नोट. मिठाच्या बरणीमागची. ताटाच्या कडेखाली सारून इतक्या गंभीरपणे माझ्याकडं पाहिलं म्हणतेस! "सुट्टे नाईत पोरी. उरलेले राहू दे तुयाजवळ." मला हसू आवरेना. मागून कळलं, तू त्यांना म्हणाली होतीस, नोट ठेवाची रीत हाय, कोनती ठेवाची हे कोनत्या पोथीत लिव्हलं हाय? झालं. तेव्हापासून ते महिन्याकाठी यायला लागले. जेवले की नोट. मी त्या डब्यात साठवायची, माहेरी येताना परत आणायची, तू पुन्हा त्यांच्या खिशात भरायचीस. तू गेल्यावरही ते येत राहिले, निघताना मीच त्या नोटा त्यांच्या पिशवीत परत घालायची. तेराव्यानंतर पहिल्यांदा आले तेव्हाही जेवण झाल्यावर त्यांनी नोट ठेवली.

आता इकडचं सांगते. बाबांचं डोकं विसरायला लागलं त्याला बरेच दिवस झाले. आधी बाजारात घोळ व्हायचे, भरली टोपली कोणालाही देऊन टाकायचे, कधी एकाच गिऱ्हाइकाकडून दोनदा पैसे मागायचे. शेजारचे भाजीवाले सांभाळून घ्यायचे, संध्याकाळी घरी आणून सोडायचे. मग दादानं त्यांना पुण्याला नेलं. चौथा मजला, दोघं नवराबायको नोकरीला. एका सकाळी बाबा दुसऱ्याच कोणाच्या चपला घालून भाजीबाजार शोधायला निघाले आणि दिवस मावळताना हायवेच्या कडेला सापडले. दादा फोनवर लहान मुलासारखा रडला. मी म्हटलं, आण माझ्याकडं. त्यानं आणलं, पण येतानाच नागपूरच्या एका जागेची माहितीही घेऊन आला. अशा म्हाताऱ्यांना ठेवतात, नर्स असतात, फोटोत तरी सगळं स्वच्छ दिसतं. आम्ही दोघं ओट्यावर बसलो आणि ठरवलं: जोवर बाबा मला ओळखतात तोवर ते माझ्याकडं राहतील. ज्या दिवशी ओळखणार नाहीत, त्या दिवसानंतर मी हट्ट धरायचा नाही. "मग त्यांना नागपूर काय आणि अकोला काय, सारखंच," दादा म्हणाला. मी बरं म्हणाले. दादा वाईट नाही आई, औषधाचा सगळा खर्च तो करतो, आणि माझं बीपी वाढलंय ते त्याला दिसतं.

पण ओळखतात की नाही हे ठरवायचं कसं? ते मला पोरी म्हणतात, पण दूधवालीलाही पोरी म्हणतात. नाव विचारलं तर चिडतात. "मले शायेतल्या पोट्ट्यावानी काय विचारून राह्यली?" खूण एकच होती, आणि ती दादालाच सापडली. पुण्यात ते मुकाट जेवायचे, ताट आलं की सरळ घास. लेकाचं घर. इथं आले आणि पहिल्याच जेवणाला खिशात हात गेला. "म्हणजे हे लेकीचं घर आहे, हे त्यांना पक्कं माहीत आहे," दादा म्हणाला. तेव्हापासून तो रोज दुपारी फोन करतो. जेवले का, आणि नोट ठेवली का?

सुरुवातीला खऱ्या नोटा होत्या. त्या ते मोरीच्या भोकात कोंबायचे, फाडायचे, एकदा पाचशेची रस्त्यावरच्या बकरीला चारली. मी पैसे देणं बंद केलं. मग खिसा रिकामा, आणि ते वाढल्या ताटापुढं हात जोडून बसले. "पोरी, खिशात काईच नाई. मी मंग जेवतो." मी विनवलं, रडले, ओरडले सुद्धा. "लेकीच्या घरचं फुकट नाई खाऊ. पाप लागते." सगळं विसरला हा माणूस, स्वतःचं गाव विसरला, तू गेलीस हे विसरला, तुला हाका मारतो, आणि एवढं एक विसरेना! दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढले त्यांनी. तुझ्या वेळच्या सुट्या नोटा त्यांच्या अमरावतीच्या घरी कुठं गेल्या कोण जाणे. मी बाजारातून नवा डाव आणला. नोट त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिली आणि टाकून दिली. "हे तिकिटं हायेत बसचे." आताच्या नोटा खरंच तशा आहेत, पातळ, फुंकर मारली की उडणाऱ्या. मग माझी नजर तुझ्या मोरावर गेली. तुझे टाके इतके बारीक होते की उसवताना माझ्यासारखीचे डोळे दुखले. एक एक पीस उलगडलं, इस्त्री फिरवली, चार नोटा त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी एक चोळली, उजेडाकडं धरली, घडी घातली, खिशात ठेवली, वरून थोपटली. "वाढ," म्हणाले. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

दादा म्हणाला, बाबांना फसवतेस. मी म्हटलं, फसवत असेन तर आईनंच शिकवलंय. खरं सांगायचं तर त्यांना त्या नोटा खोट्या आहेत हे कळतं की नाही, मला माहीत नाही. कधी कधी वाटतं कळतं. दुपारी ते फार अस्वस्थ होतात, दार ठोकतात, बाजाराची वेळ झाली म्हणतात. मग मी घरातलेच कांदे टोपलीत घालून ओट्यावर बसते आणि त्यांना विकते. "कसे देल्ले?" "वीस रुपये." "वीस? लावारिस पडले हायेत बाजारात!" असा भाव पाडतात की ऐकत राहावं. नोट देतात, कांदे घेतात, मागच्या दारानं मी तेच कांदे पुन्हा टोपलीत आणते. एकच फुलकोबी मी त्यांना आठवडाभर विकली. शेवटी तिचा वास सुटला तेव्हा म्हणाले, "हे काल्चीच हाय." त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो. पण रोज हसू येत नाही, आई. ते झोपले की मी खिशात नोटा परत भरायच्या, डाळीनं भिजलेल्या पुसायच्या, फाटलेल्यांना चिकटपट्टी लावायची. मशीनवर बसले तर मान धरते. चादरी रोज धुवायच्या, आणि इथं नळाला पाणी रोज येत नाही. मी थकले. खूप थकले. त्यांच्यावर ओरडते, मग स्वतःवर ओरडते. कितीदा मनात आलं, आज नोट नाही ठेवली तर बरं. दादाला सांगून टाकेन आणि एक दिवस तरी दुपारी गाढ झोपेन.

आज पातोडीची भाजी केली होती. जेवणाची वेळ, ऊन रणरणत होतं. बाबा पाटावर बसले, मी वाढलं, आणि त्यांनी सरळ भाकर मोडली. रस्सा ओरपला, आणखी मागितला. नेहमी जेवायच्या आधी एकदा खिसा चाचपतात, तसं आज केलं नाही. हात धुतला, धोतराला पुसला आणि भिंतीला टेकून बसले. मी ताटाकडं पाहत होते. खिशातून नोटेचं टोक दिसत होतं, म्हणजे नोट होती. आणि तुला खोटं कशाला सांगू, मला आधी बरं वाटलं. वाटलं, सुटली एकदाची ही कटकट! बाप लेकीच्या घरी आज मोकळेपणानं जेवला. मी ताट उचलायला वाकले तेव्हा ते म्हणाले, "जेवन झकास झालं. तुमच्या हाताले चव हाय." मी म्हटलं, बाबा, रोजच्यासारखीच आहे. तर म्हणाले, "माही पोरगी अशीच पातोडी करते. अकोल्याले देली हाय तिले. ऊन उतरलं का जातो तिच्याकडं."

ताट माझ्या हातात तसंच. मी विचारलं, "मग जेवायला तिच्याकडंच जायचं होतं ना?" "जातो ना. पन तिच्या घरी नोट ठेवल्याबिगर घास घेत नाई मी." त्यांनी खिशावर हात ठेवला. "हे तिच्यासाठीच राखून ठेवली." आणि माझ्याकडं बघून हसले, पाहुण्यानं घरधनिणीकडं पाहून हसावं तसे.

तेवढ्यात दादाचा फोन. नेहमीसारखंच, जेवले का? मी म्हटलं, जेवले, पातोडी होती, दोनदा रस्सा घेतला. "नोट ठेवली?" बाबा समोर भिंतीला टेकून डुलक्या घेत होते, हात अजून खिशावर. मी म्हटलं, ठेवली. "स्वतःहून?" त्यानं विचारलं. रोज असं विचारत नाही तो, माझ्या आवाजात काही ऐकू आलं असेल. "मग काय मी ठेवू?" मी खेकसलेच त्याच्यावर, "स्वतःहून ठेवली, पोपटी." मग म्हणाला, "बरं झालं." त्याच्याही जिवावर येतं गं ते नागपूर, मला कळतं.

इतके दिवस सुटका हवी म्हणून कुरकुरत होते, आणि ती दारात आली तर मी दार लावून घेतलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्यांना मी आठवते आई, फक्त समोर बसलेली ही बाई मी आहे हे आठवत नाही. नागपूरला त्यांना कोण लेकीकडं घेऊन जाईल? हे पत्र तुला कुठं पाठवणार, मशीनच्या खणात जुन्या बॉबिनांखाली जाईल. आत पलंग वाजला. उठले वाटतं. चप्पल शोधतायत, मला हाक मारून विचारतायत की अकोल्याची गाडी कुठून सुटते. आता त्यांचा हात धरून गल्लीतून एक फेरी मारते आणि याच दारात परत आणते. आलं तुमच्या लेकीचं घर, म्हणते. ओळखलं तर ओळखलं. नाही ओळखलं तरी मी उद्या दादाला हेच सांगणार आहे, की नोट ठेवली.